रेपो उतरला, मग माझा हप्ता तेवढाच कसा आणि सोयाबीन कामून पडलं?

औसा तालुक्यातल्या एका पोरानं विचारलंय. वडिलांची सात एकर, स्वतःची छोटी डाळमिल, मिलवर बँकेची ४० लाखाची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागंल तसं उचलायचं चालू कर्ज) आणि एका फायनान्स कंपनीकडून घेतलेलं ट्रॅक्टर. त्याचं म्हणणं असं, की काका २०२५ मधे रिझर्व्ह बँकेनं चार वेळा रेपो (ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर) कमी केला, टीव्हीवाले दिवाळी असल्यासारखं सांगायलेत, मग माझा हप्ता का उतरला नाही? दुसरं, ब्राझीलला पीक बक्कळ आलं तर लातूरच्या सौद्यात आमचं सोयाबीन कशाला पडतंय? तिसरं, डॉलर नव्वदला गेला ते आपल्याला चांगलं का वाईट? आणि शेवटी, घरात अजून २२ क्विंटल सोयाबीन पडून आहे, ठेवू का विकू?

मी तेहतीस वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी शेतीकर्ज आणि आडत-मिलवाल्यांच्या खात्यांवर, लातूर, धाराशिव, नांदेड असं फिरत. सगळं एका दमात लिहितोय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हप्ता, कारण ते सोपंय. दादा, सीसीला हप्ताच नसतो. तिथं महिन्याला वापराइतकं व्याज नावे पडतं. म्हणजे तुम्ही ज्याला हप्ता म्हणायलात तो ट्रॅक्टरचा, आणि तो फायनान्स कंपनीचा आहे. बहुतेक फिक्स रेटचा असणार, कागद काढून बघा. तो शेवटच्या हप्त्यापर्यंत असाच राहणार, रेपो शून्यावर आला तरी. रेपोसारख्या बाहेरच्या दराला कर्ज बांधायची सक्ती आहे ती बँकांना, ऑक्टोबर २०१९ पासून, आणि तीपण घर, गाडी, पर्सनल आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या कर्जांना. शेतीकर्ज त्यात नाही, फायनान्स कंपन्यापण त्यात नाहीत.

आता सीसी. डाळमिलची उद्यम नोंदणी असंल तर तुम्ही लघु उद्योगात बसता, म्हणजे तुमचा दर रेपो अधिक बँकेचा स्प्रेड (वरचं मार्जिन) असा पाहिजे आणि तीन महिन्यातून एकदा तरी तो नव्यानं लागला पाहिजे. पण लिमिट २०१९ च्या आधीची असंल तर ती एमसीएलआरवर (बँकेनं स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर) असू शकते, आणि एमसीएलआर बँकेच्या स्वतःच्या खर्चावर चालतो. बँकेनं लोकांकडून सव्वासात टक्क्यानं घेतलेल्या एफड्या मुदत संपेपर्यंत सव्वासातनंच चालणार, त्यामुळं तो दर बैलगाडीच्या चालीनं उतरतो. नियम असा होता की जुनी लिमिट रिन्यू होईपर्यंत जुन्या पद्धतीवर चालेल. सीसी तर दरवर्षी रिन्यू होते. मग सँक्शन लेटर काढा, व्याजदराच्या ओळीत 'रेपो' हा शब्द आहे का बघा, नसंल तर मॅनेजरला तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. मी स्वतः मॅनेजर होतो म्हणून सांगतोय, तोंडी बोललेलं संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही.

घराचं कर्ज असणाऱ्यांसाठी एक जोडून सांगतो. रेपो उतरल्यावर बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. लोक म्हणतात फायदा दिला नाही, खरं तर दिलेला असतो, पण तो शेवटच्या वर्षात जाऊन बसलेला असतो.

आणि तुमच्या वडिलांचं पीककर्ज? त्याला रेपोचं वारंसुद्धा लागत नाही. तीन लाखापर्यंत सात टक्के, मुदतीत भरलं की केंद्राची तीन टक्के सवलत, वरून राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत, म्हणजे वेळेत भरणाऱ्याला शून्य. रेपो २०२० ला ४ होता तेव्हापण सात टक्केच, २०२३ ला ६.५० झाला तेव्हापण सात टक्केच. तिथं रेपोपेक्षा भरण्याची तारीख महत्त्वाची. ती एक दिवसानं जरी हुकली तरी सगळं व्याज अंगावर येतं, आणि हे मी दर मार्चला शेकडो लोकांच्या बाबतीत बघितलंय, तेपण पैसे घरात असताना.

बरं, समजा तुमची सीसी नीट रेपोवर आहे. फेब्रुवारी २०२५ ला रेपो ६.५० वरून ६.२५ झाला, एप्रिलला ६, जूनला एकदम ५.५० आणि डिसेंबरात ५.२५. वर्षात सव्वा टक्का. ४० लाखातले सरासरी ३० लाख वापरात धरले तर वर्षाला साडेसदतीस हजार वाचले, महिन्याला तीन हजार आणि वर थोडे. वाईट नाही. पण तुमच्या गोदामात समजा ८०० क्विंटल तूर आहे आणि तुरीत क्विंटलमागं ५०० रुपये तुटले तर चार लाख गेले. म्हणजे दहा वर्षाची व्याजाची बचत एका आठवड्यात. म्हणून मी मिलवाल्यांना कायम म्हणायचो, बाबांनो रेपोची बातमी बघा पण आयात शुल्काची अधिसूचना आधी वाचा. ती रात्री निघते आणि सकाळच्या सौद्यात दिसते.

आता खरी गंमत ही की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

२०२२ चा मे महिना घ्या. मला तो तारखेनिशी पाठ आहे, का ते शेवटी सांगतो. युक्रेनचं युद्ध सुरू झालेलं, सूर्यफूल तेल अडकलेलं, त्यात इंडोनेशियानं २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात बंद केली. लातूरला सोयाबीन सात हजाराच्या वर. आडतीवर जो तो म्हणायला, आता दहा हजार, कारण आदल्या वर्षीच्या ऑगस्टात दहा हजार लोकांनी डोळ्यानं बघितलं होतं. ४ मेला रिझर्व्ह बँकेनं ठरलेली मीटिंग नसताना अचानक रेपो ४ वरून ४.४० केला. १२ मेला महागाईचा आकडा आला, एप्रिलचा, ७.७९ टक्के. १३ मेला गव्हाची निर्यात बंद. २३ मेला इंडोनेशियानं पामतेल मोकळं केलं. आणि २४ मेला आपल्या सरकारनं वर्षाला २० लाख टन कच्चं सोयाबीन तेल आणि २० लाख टन कच्चं सूर्यफूल तेल बिनशुल्क आणायला परवानगी दिली, दोन वर्षांसाठी. साखरेच्या निर्यातीला लगाम पण त्याच दिवशी.

एका महिन्यात एवढं सगळं झालं, कारण त्या सगळ्यामागं एकच आकडा होता. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती रेपो ठरवते आणि कायद्यानं त्यांना काम दिलंय की महागाई ४ टक्क्यांवर ठेवा, फार तर २ ते ६ च्या मधे. सलग तीन तिमाह्या त्याच्या बाहेर गेली तर सरकारला लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तो द्यावा लागला. तेव्हा महागाई मोजायची जी टोपली होती, २०१२ पायाभूत वर्षाची, तिच्यात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. म्हणजे निम्मी टोपली तेल, डाळ, भाजी, दूध, धान्य. रेपो वाढवून तुरीचं एक झाड जास्त उगवत नाही, पामतेलाचं जहाज लवकर येत नाही. व्याजदर वाढवून गाड्यांची नाहीतर फ्लॅटची मागणी दाबता येते, वरण तर माणूस खाणारच. मग टोपलीतला हा अर्धा भाग खाली आणायचं काम कोण करणार? वाणिज्य आणि अर्थ खातं, शुल्क कमी करून, निर्यात बंद करून, साठ्यावर मर्यादा घालून. रिझर्व्ह बँक एका बाजूनं ढकलते, दिल्लीतली खाती दुसऱ्या बाजूनं ओढतात.

२०२५ ला तेच उलटं दिसलं. ऑक्टोबर २०२४ ला महागाई ६.२१, खाद्यपदार्थांची तर १०.८७. बरोबर एका वर्षानं, ऑक्टोबर २०२५ ला महागाई ०.२५ टक्के. पाव टक्का! पाऊस चांगला, भाज्या उतरल्या, डाळी उतरल्या. जीएसटीचे दर सप्टेंबरात कमी झाले त्याचाही वाटा आहे, पण मोठा हात खाण्याचा. आणि डाळी उतरायचं एक कारण, तूर मे २०२१ पासून मोकळी झालेली, म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथून बिनशुल्क येत होती. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत बिनशुल्क येत होता, जो हॉटेलात आणि बेसनात हरभऱ्याच्या जागी बसतो. तुमची मिल तो चालवत असंल तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८,००० होता आणि बाजार त्याच्या खाली, सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आणि पाण्यात सापडलेलं सोयाबीन दिवाळीच्या आसपास चार-साडेचार हजारात. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं काय केलं ते सांगायला नको, नदीकाठची माती पिकासकट गेली. महागाई पाव टक्का झाली म्हणून रेपो उतरवायला जागा झाली. पुण्याच्या फ्लॅटचं व्याज उतरलं त्यातले चार पैसे लातूरच्या आडतीवर तुमच्या वडिलांसारख्या माणसानं भरलेत.

हे मी रागानं म्हणत नाही. आमच्याच गावात रोजानं जाणारी बाई तेलाचा पुडा विकतच आणती, तिला १८० चा पुडा १३० झाला तर बरंच वाटणार. शुल्क नेहमी चढंच ठेवा असं म्हणणारा मी नाही. माझं गाऱ्हाणं वेळेचं आहे. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलाचं शुल्क एकूण साडेपाच वरून साडेसत्तावीस टक्के केलं, काढणीच्या तोंडावर, म्हणलं चला शहाणपण आलं. ३० मे २०२५ ला तेच साडेसोळावर आणलं, म्हणजे शेतकरी बियाण्याची बॅग घ्यायला दुकानात उभा असताना. कापसाचंही तसंच. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मधे आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, तिरुपूर-सुरतचे कपडेवाले अडचणीत आले, तर १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापडगिरण्यांना आधार द्यायला पाहिजेच होता, पण तो सेलू-मानवतच्या कापूसवाल्याच्या खिशातून, आणि तेपण बोंडं फुटायच्या बेतात असताना.

आता ब्राझीलचं. आडतीवर हमखास चुकणारी गोष्ट इथंय. लोक म्हणतात तेल स्वस्त झालं म्हणून सोयाबीन पडलं. अर्धंच खरं. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की १८ किलोच्या आसपास तेल निघतं आणि ८०-८२ किलो पेंड, म्हणजे डीओसी. हिशोब करा, तेलात किलोमागं एक रुपया हलला तर क्विंटलला १८ रुपये, पेंडीत एक रुपया हलला तर ८१ रुपये. सोयाबीनचा भाव खरा पेंडीवर उभा आहे. आणि पेंडीच्या बाजारात अर्जेंटिना, ब्राझील हे दांडगे गडी, त्यांची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडती, त्यांना एकरी उताराही जास्त. आपली पेंड जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याची) नसलेली, म्हणून काही गिऱ्हाईकं थोडं जास्त देतात, पण सगळं जग काही तसलं गिऱ्हाईक नाही. तिकडं पीक आलं की आपली निर्यात थंडावते आणि इथला सोयाबीन गाळणारा प्लँटवाला भाव खाली मागतो. ऑगस्ट २०२१ ला तर दहा हजाराचा भाव झाल्यावर कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून १२ लाख टन जीएम पेंड आणायची परवानगी दिली होती.

त्यात नवीन पाहुणा आलाय, डीडीजीएस. मका आणि तांदळापासून इथेनॉल करतात त्याचा चोथा. प्रोटीन बरं असतं, सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त, कोंबडीवाले आणि पशुखाद्यवाले तोच घालायलेत. म्हणजे पेट्रोलमधे इथेनॉल मिसळायचं धोरण आणि औश्याचं सोयाबीन यांची गाठ कोंबडीच्या पोटात पडली. हे मला रिटायर झाल्यावर एका प्लँटच्या खरेदीवाल्यानं चहा पिता पिता सांगितलं, तोपर्यंत मी पण तेल तेलच करत होतो.

डॉलरचं. आपल्या भागाला परकीय चलन नवीन नाही, फक्त आपण विसरलो. माझे आजोबा माल घेऊन बार्शीला जायचे. इकडं निजामाचा हाली सिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे आत्ताच्या भाषेत कस्टम. लातूरला बार्शी लाईटची छोटी गाडी १९११ ला आली आणि माल तिकडं जायचं सोपं झालं, पण नाका चुकला नाही. आजोबा सांगायचे, बार्शीत विकून आलेले कलदार लगेच मोडायचे नाहीत, सराफ बट्टा खातो, मीठ-कापडाची खरेदी तिकडंच करून यायची. एवढंच परकीय चलनाचं शास्त्र आहे. विकणाऱ्याला परका रुपया महाग असला तर बरं, घेणाऱ्याला स्वस्त असला तर बरं, आणि नाकेवाला दोघांकडून घेतो.

आता आजचा हिशोब. समजा बाहेरचं कच्चं सोयातेल टनाला ११०० डॉलर आहे, हिशोबासाठी धरतोय. डॉलर ८३ असताना ते ९१,३०० रुपये, ९० ला ९९,०००. टनाला ७,७०० चा फरक, किलोला ७ रुपये ७० पैसे, आणि क्विंटलभर सोयाबीनमधल्या १८ किलो तेलावर १३८-१३९ रुपये. म्हणजे रुपया घसरला की बाहेरचं तेल महाग पडतं आणि आपल्या सोयाबीनला तेवढा टेकू मिळतो. आता ३० मेची शुल्ककपात बघा, साडेसत्तावीसचं साडेसोळा म्हणजे ११ टक्के, ९१ हजारावर धरले तर टनाला दहा हजार, किलोला दहा, क्विंटलला १८० रुपये. डॉलरनं महिनोन्‌महिने चढून दिलं त्याच्यापेक्षा जास्त एका कागदानं काढून घेतलं. म्हणून म्हणतो, डॉलर नव्वद झाला म्हणून नाचू पण नका आणि रडू पण नका.

खर्चाच्या बाजूला डॉलर लगेच दिसत नाही, कारण युरियाची बॅग २६६ रुपये ५० पैसे आणि डीएपी १३५० अशी सरकार सबसिडी देऊन धरून ठेवतं. पण आणणाऱ्या कंपनीला परवडंना की माल कमी येतो, मग दुकानदार म्हणतो डीएपी पाहिजे तर हे दोन डबेपण घ्या. लिंकिंगचा हा जाच तुम्हाला माहिती आहे. तो डॉलरचाच भाव असतो, फक्त पावतीवर लिहिलेला नसतो.

बरं, रुपया घसरला तर लोक घाबरतात, १९९१ आठवतं. तेव्हा देशाकडं जेमतेम दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते, सोनं बाहेर गहाण ठेवावं लागलं आणि जुलैच्या १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यात रुपयाची किंमत कमी केली. मी तेव्हा नवीनच लागलेलो, आमच्या ब्रँचमधे कुणाला फारसं कळलं नव्हतं, फक्त म्हातारे हेडकॅशिअर म्हणाले, सोनं गहाण पडलं म्हणजे घरात काहीतरी मोठं दुखणं आहे. आत्ताची गोष्ट तशी नाही. परकीय चलनाची गंगाजळी २०२५ च्या शेवटी ७०० अब्ज डॉलरच्या आसपास होती, रिझर्व्ह बँक रुपया एकदम पडू देत नाही, हळूहळू उतरू देते.

बँकांच्या सुधारणांबद्दल थोडक्यात. नरसिंहम समिती बसली १९९१ ला तेव्हा बँकेत आलेल्या शंभर रुपयातले साडेअडतीस सरकारी रोख्यात आणि पंधरा रिझर्व्ह बँकेत ठेवायची पाळी होती, उरलेल्यात कर्जवाटप. ते सैल झालं, व्याजदर मोकळे झाले, थकीत कर्ज थकीत म्हणून दाखवायची सक्ती आली. पुढं २०१८ च्या मार्चला सरकारी बँकांची थकबाकी १४ टक्क्यांच्या वर दिसली ती नवीन झालेली नव्हती, झाकलेली होती ती उघडी पडली. साफसफाई झाली, बँका आता ताकदवान आहेत, हे मी मनापासून म्हणतो. आपल्या भागात हैदराबाद बँक, १९४१ ची, एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. नांदेडची १९७६ ची मराठवाडा ग्रामीण बँक २००९ ला महाराष्ट्र ग्रामीण झाली आणि मे २०२५ ला विदर्भ-कोकणची पण त्यात आली, एक राज्य एक ग्रामीण बँक.

पण यात एक गोष्ट निसटली. आधी मॅनेजर शेतावर जायचा, विहिरीत डोकवायचा, घरातल्या म्हातारीशी बोलायचा आणि ठरवायचा. आता अर्ज सेंटरला जातो आणि स्कोअर बघून उत्तर येतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ पासून बिनतारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारावरून २ लाख केली, चांगलं केलं. पण एका गावातली एक बाई, चार एकर, पंधरा वर्षं एक रुपया थकला नाही, तिचं दीड लाखाचं कर्ज अडलं, का तर भावाच्या मोटारसायकलला जामीन राहिली होती आणि त्याचे तीन हप्ते गेले होते. मी तेव्हा रिटायर झालेलो, तिच्याबरोबर ब्रँचला गेलो, समोरचा पोरगा हुशार, नम्र, पण म्हणाला सर सिस्टीम पुढंच जाऊ देईना. शेवटी तिनं दागिने ठेवले. तुम्ही कुणाला जामीन राहत असाल तर ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

आणि अजून एक, रेपोशी थेट जोडलेलं. दर उतरले की एफडीचं व्याज उतरतं, मग रिटायर मास्तर, विधवा बाया, ऊस-सोयाबीनचे पैसे आलेली माणसं बारा-तेरा टक्के देणाऱ्या मल्टिस्टेट नाहीतर पतसंस्थेकडं पळतात. बीड, संभाजीनगर, धाराशिवच्या लोकांना मी काय सांगायचं, किती घरं बसली. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखापर्यंत विमा आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही, पाटीवर 'बँक'सारखं काहीपण लिहू द्या.

आता तुमचे २२ क्विंटल. आधी माझी फजिती ऐका. २०२२ च्या त्या मेमधे माझ्याकडं ३८ कट्टे होते. बायको म्हणाली सात हजार आलेत, द्या. मी बँकवाला, मला वाटलं मला जास्त कळतं, युद्ध आहे, पामतेल बंद आहे, दहा होणारच. इंडोनेशियानं बंदी उठवली तरी म्हणलं थोडं थांबू, २४ मेची तेलाची बातमी वाचली तरी म्हणलं थोडं थांबू. दिवाळीनंतर पाच हजारच्या वरखाली दिलं, त्यात उंदरांनी खाल्लेलं आणि वाळून कमी भरलेलं वेगळंच. घरात सोयाबीन निघालं की हा विषय अजून निघतो.

तर, घरात उघडं ठेवू नका, एवढं नक्की. हमीभाव केंद्राची नोंदणी झालेली असंल आणि ओलावा १२ च्या आत असंल तर पहिला रस्ता तो, चाळणी मारून न्या, परत पाठवायला त्यांना कारण लागत नाही. नोंदणी नसंल तर बाजार समितीकडं शेतमाल तारण योजना आहे का विचारा, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, १८० दिवस, ६ टक्के व्याज. २२ क्विंटल ४,५०० नं धरले तर ९९ हजाराचा माल, त्यावर ७४ हजार हातात येतील, सहा महिन्याचं व्याज २,२०० च्या आसपास, म्हणजे क्विंटलला शंभर. वर वजनातली घट धरा. म्हणजे थांबून क्विंटलला दोनशे तरी वाढणार असेल तर थांबण्यात अर्थ आहे. मी तुमच्या जागी असतो तर अकरा आत्ता दिले असते आणि अकरा तारणाला टाकले असते, आणि जानेवारीत ब्राझीलची काढणी सुरू होते तिचा माल बाजारात जोर धरायच्या आत उरलेलेपण मोकळे केले असते. वडिलांना विचारा, ते नाही म्हणाले तर त्यांचं ऐका. आणि सीसीचं सँक्शन लेटर सापडलं की त्या व्याजदराच्या ओळीत काय लिहिलंय ते मला कळवा, मग अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.